साइज सरकते, उडते की विखुरते? आधी ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) अॅल्युमिनियमचे हाउसिंग चालते, एका फिक्श्चरवर चार जॉब, प्रत्येकाचा वर्क ऑफसेट म्हणजे शून्यबिंदू वेगळा, जी ५४ ते जी ५७. सकाळी पहिल्या तासात पायरीची खोली ०.०३ ते ०.०४ मिमी कमी येते. ऑपरेटर वेअर (टूलच्या मापाची बारीक दुरुस्ती) देतो, तर दोन तासांत तीच खोली जास्त व्हायला लागते. ५२ एच७ चा बोअर (५२ मिमीचे अचूक भोक) मशीनपाशी गेजला पास होतो आणि सीएमएमवरून (मोजणीच्या मशीनवरून) ओव्हल म्हणून परत येतो. एम८ चे टॅप (आटे पाडायची टूल्स) अधूनमधून तुटतात. आणि आठवड्यातून एक-दोनदा होल वाय अक्षात ०.२-०.३ मिमी सरकलेली सापडतात. शेवटी तुम्ही विचारले आहे: "प्रोग्रॅममध्ये काय बदलू?"

तूर्त काहीच बदलू नका. या चार तक्रारींतली फार तर दीड तक्रार प्रोग्रॅमची आहे. बाकीच्यांवर प्रोग्रॅममध्ये उपाय शोधत बसलात तर महिनाभराने प्रोग्रॅमही बिघडलेला असेल आणि मूळ दुखणेही तसेच असेल. हे मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून सांगतो.

मिलिंग मशीनवर साइज तीन प्रकारे बिघडते. एक, ती हळूहळू एकाच दिशेला सरकते. दोन, ती ठीक चालता चालता एकदम उडी मारते. तीन, ती काही ठरावीक न पाळता वर-खाली विखुरते. सरकण्यामागे उष्णता किंवा टूलची झीज असते. उडीमागे काहीतरी सुटलेले, अडकलेले किंवा चुकीचे वाचले गेलेले असते. विखुरण्यामागे पकड, ढिलेपणा किंवा मोजमाप असते. तिन्हींवर एकच औषध, म्हणजे वेअर ऑफसेट, देत राहिलो की तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि मग कुणालाच काही कळत नाही.

म्हणून पहिले काम: मागे बाद झालेले जॉब असतील तर तेच पुन्हा चढवा, सगळ्या खोल्या अर्धा मिमी खाली घेतलेला एक प्रोग्रॅम करा, आणि मशीन थंड असल्यापासून सलग वीस सायकली काढा. या वीस सायकलींत वेअरला कुणीही हात लावायचा नाही. प्रत्येक जॉबवर सायकल क्रमांक, फिक्श्चरवरची जागा आणि घड्याळातली वेळ मार्करने लिहायची. आकडे कागदावर वेळेप्रमाणे मांडले की सरक, उडी आणि विखुरणे नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसते.

"हात लावायचा नाही" हे पाळून घेणे सगळ्यात अवघड जाते. चांगल्या ऑपरेटरचा हात साइज जरा वर दिसली की आपोआप ऑफसेट पेजवर जातो. पण विखुरलेल्या साइजला प्रत्येक जॉबनंतर तेवढीच उलटी दुरुस्ती देत राहिलो तर पसारा घटण्याऐवजी वाढतो, गणिताने सुमारे १.४ पट. कारण दुरुस्ती मागच्या जॉबच्या योगायोगाला दिलेली असते आणि पुढच्या जॉबचा योगायोग वेगळाच असतो. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर आपापल्या परीने "साइज मध्यावर" आणत असतील तर मग विचारूच नका.

त्याआधी गेजचीही परीक्षा घ्या. एकच जॉब, एकच जागा, दहा वेळा मोजा. मग दुसऱ्या माणसाकडून न सांगता दहा वेळा मोजून घ्या. हा सगळा पसारा टॉलरन्सच्या दहाव्या भागात बसला तर उत्तम. तिसऱ्या भागाच्या पुढे गेला तर मशीनची चौकशी थांबवा आणि आधी मोजण्याची पद्धत सुधारा.

वीस सायकलींचे आकडे हातात आले की दोन प्रश्न विचारायचे. सगळी टूल्स सारखीच सरकली की एकच? सगळ्या चार जागा सारख्या सरकल्या की एकच? सगळी टूल्स आणि चारही जागा एकत्र हलल्या तर मशीन किंवा स्पिंडल. एकच टूल सगळ्या जागांवर हलले तर ते टूल, त्याचा होल्डर किंवा त्याचा ऑफसेट. सगळी टूल्स एकाच जागेवर हलली तर फिक्श्चरची ती जागा. हे इतके साधे आहे की लोक ते करत नाहीत.

आता सकाळची खोली. तुमचे वर्णन वाचून हे स्पिंडलचे वाढणे आहे याबद्दल मला फारशी शंका नाही. स्पिंडल फिरायला लागला की बेअरिंग तापतात, स्पिंडल आणि हेड लांबते आणि टूलचे टोक जॉबकडे सरकते. तुमची टूल्स गरम मशीनवर सेट झालेली असतील तर थंड मशीनवर ती तेवढीच वर राहतात, म्हणून सकाळी खोली कमी. ऑपरेटर वेअर देतो, मशीन तापते, आणि आता दुरुस्ती अधिक वाढ अशा दोन्ही गोष्टी मिळून खोली जास्त. ०.०३-०.०४ हा आकडा अशा मशीनसाठी अगदी ओळखीचा आहे.

खात्री करायची तर एक्सवाय मध्ये एका ठरलेल्या जागी टेबलावर स्लिप गेज ठेवा, स्पिंडलला टेस्ट मँड्रेल लावा, आणि थंड असताना एकदा, मग दर दहा मिनिटांनी, त्याच झेड स्थितीला डायलने किती फरक पडतो ते लिहा. मधल्या वेळात स्पिंडल उत्पादनाच्याच आरपीएमवर फिरवत ठेवा. आकडा चढत जातो आणि कुठेतरी सपाट होतो. तो सपाट व्हायला लागणारा वेळ म्हणजे तुमच्या मशीनचा वॉर्म-अप. दुसऱ्याच्या मशीनचा आकडा इथे उपयोगाचा नाही.

वॉर्म-अपमध्ये एक चूक सर्रास दिसते: स्पिंडल ५०० आरपीएमवर दहा मिनिटे फिरवायचा आणि मग ८००० वर कटिंग सुरू करायचे. त्याने ग्रीस पसरेल, पण तापमान कामाच्या पातळीला जाणार नाही. पायऱ्यांनी वर न्या आणि शेवटची काही मिनिटे कामाच्याच आरपीएमवर ठेवा. बरोबर एक्स, वाय, झेड तिन्ही अक्ष जवळपास पूर्ण ट्रॅव्हलमध्ये फिरवा, कूलंट चालू ठेवा. बॉलस्क्रू, म्हणजे अक्ष हलवणारा स्क्रू, हाही तापतो. स्टीलचा स्क्रू दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतो. ६०० मिमी लांबीत ५ अंश चढले तर सुमारे ३५ मायक्रॉन झाले. ज्या मशीनवर लिनिअर स्केल (अक्षाची खरी जागा मोजणारी पट्टी) नाही, फक्त मोटरमागचा एन्कोडर (मोटरचे फिरणे मोजणारा) आहे, त्या मशीनच्या कंट्रोलला ही वाढ दिसतच नाही. स्क्रीनवर आकडा अचूक असतो. तुमच्या नोंदीत स्क्रूच्या फिक्स बेअरिंगपासून सगळ्यात लांबची जागा सगळ्यात जास्त सरकलेली दिसली, तर तो स्क्रू आहे. जेवणाच्या सुटीत मशीन अर्धा तास उभे राहिले तर हाच खेळ पुन्हा होतो. त्या वेळेत वॉर्म-अप प्रोग्रॅम चालू ठेवणे स्वस्त पडते.

प्रोब (स्पिंडलला लावून जागा टेकून मोजणारा) असेल तर दर काही सायकलींनी फिक्श्चरवरच्या एका ग्राइंड केलेल्या पॅडवर झेड टेकवून जी ५४ ते जी ५७ च्या झेडला जी १० एल २ ने (प्रोग्रॅममधून ऑफसेट भरण्याच्या आज्ञेने) दुरुस्ती देता येते. पण टेबलावर टूल सेटरही असेल आणि तुम्ही मधूनच टूल्स पुन्हा मोजत असाल तर सांभाळा. गरम स्पिंडलवर मोजलेल्या टूलच्या लांबीत ती वाढ आधीच आलेली असते. प्रोबने पुन्हा वर्क ऑफसेट हलवला तर एकाच वाढीची दोनदा दुरुस्ती होते आणि साइज उलट्या बाजूला जाते. दोन्हींपैकी एकच रस्ता ठरवा.

आता बोअर. यात मला सगळ्यात जास्त वेळ घालवायचा आहे, कारण "गेजला पास, सीएमएमवर बाद" या तक्रारीत निदान चार वेगवेगळे गुन्हेगार लपलेले असतात.

पहिला, तापमान. ५२ एच७ ला टॉलरन्स शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढते. मशीनमधून निघालेला जॉब ३५ अंशांवर आहे आणि सीएमएमच्या खोलीत तो २० अंशांवर येतो. ड्रॉइंगवरची मापे २० अंशांचीच असतात. ५२ मिमीवर १५ अंशांचा फरक म्हणजे १८ मायक्रॉन, अर्ध्याहून जास्त टॉलरन्स. मशीनपाशी २० मायक्रॉन वर दिसणारा बोअर थंड झाल्यावर २ मायक्रॉन वर उरतो. मास्टर रिंग स्टीलची आहे हेही ध्यानात घ्या: रिंग आणि जॉब दोन्ही निवांत ३० अंशांवर असले तरी दोन धातूंच्या वाढीतला फरक ५२ मिमीवर ६ मायक्रॉनचा पडतो. यावर उपाय एकच: जॉब आणि रिंग एकाच सरफेस प्लेटवर तापमान सारखे होईपर्यंत शेजारी ठेवा, आणि हा ६ मायक्रॉनचा हिशेब गेजच्या झिरोमध्ये धरा.

पण तापमानाने बोअर लहान-मोठा होतो, ओव्हल सहसा होत नाही. ओव्हलचा संशयित दुसरा, पकड. पातळ भिंतीचे हाउसिंग क्लॅम्पने दाबलेले असते, त्या दाबलेल्या अवस्थेत टूल गोल बोअर काढते, आणि क्लॅम्प सुटला की भिंत आपल्या जागी परत जाते आणि बोअर ओव्हल होतो. तपासणी पाच मिनिटांची आहे. फिनिशिंग झाल्यावर क्लॅम्प न सोडता स्पिंडलला लिव्हर डायल लावा, स्पिंडल हाताने फिरवून बोअरचे चार बाजूंचे आकडे घ्या. क्लॅम्प सोडा, पुन्हा चार आकडे घ्या. जॉब सुटताना थोडा हलेल, म्हणून एकेक आकडा बघू नका. एक्सच्या समोरासमोरच्या दोन आकड्यांची बेरीज आणि वायच्या दोन आकड्यांची बेरीज यांची तुलना करा. सोडण्याआधी दोन्ही बेरजा सारख्या आणि नंतर वेगळ्या, तर मशीनला बोल लावू नका. क्लॅम्प थेट रेस्ट पॅडच्या वर आणा, म्हणजे दाब सरळ खाली जाईल आणि भिंत वाकणार नाही. फिनिशिंगपूर्वी एम ०० (प्रोग्रॅम थांबवण्याची आज्ञा) घेऊन क्लॅम्प ढिले करून हलके आवळा, किंवा हायड्रॉलिक फिक्श्चर असेल तर फिनिशिंगला कमी दाबाची दुसरी पायरी द्या.

तिसरा, गेज स्वतः. दोन टोकांचा बोअर गेज ओव्हल पकडतो, पण फक्त फिरवून पाहिला तर. ऑपरेटर बहुतेक वेळा एकाच दिशेत घालतो, कारण तिथे हात पोचतो. आणि बोअर त्रिकोणी धाटणीचा, म्हणजे तीन उंचवट्यांचा असेल, तर दोन टोकांच्या गेजला तो कितीही फिरवला तरी जवळपास गोलच वाटतो! तीन बाजूंनी पकडलेल्या जॉबमध्ये हे होते. तिथे तीन टोकांचा गेज किंवा सीएमएमच पाहिजे.

चौथा गुन्हेगार मशीनचे अक्ष, आणि तोही बोअर एंडमिलने गोल फिरवून काढत असाल तरच. इथे ओव्हलची दिशा सगळे सांगते. सीएमएमवाल्याला फक्त "गोलाई किती" असे विचारू नका. लांब अक्ष कोणत्या कोनात आहे ते विचारा, आणि जॉबवर मशीनच्या एक्सची दिशा मार्करने दाखवून पाठवा. ओव्हल ४५ अंशात तिरका असेल तर एक जॉब जी ०३ ने (घड्याळाच्या उलट) आणि एक जी ०२ ने (घड्याळाप्रमाणे) फिनिश करा. दिशा बदलल्यावर ओव्हलही दुसऱ्या कर्णाकडे वळला तर दोन अक्षांच्या सर्व्होचा (मोटर चालवणाऱ्या यंत्रणेचा) प्रतिसाद जुळत नाही. न वळता तसाच राहिला तर एक्स आणि वाय एकमेकांना काटकोनात नाहीत. आणि ओव्हलऐवजी ज्या चार ठिकाणी अक्ष उलटी दिशा घेतात तिथे ओरखडा किंवा पायरी दिसली, तर बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी चाल.

बॅकलॅश मोजायला टेबलावर डायल टेकवा, हँडव्हीलने एका मायक्रॉनच्या पायरीने एका दिशेला काही अंतर जा, मग उलटे फिरा आणि डायलचा काटा हलेपर्यंत किती पायऱ्या वाया जातात ते मोजा. हे टेबलाच्या मधे आणि दोन्ही टोकांना करा. फॅनुक कंट्रोलवर १८५१ नंबरच्या पॅरामीटरमध्ये भरपाई देता येते, पण ट्रॅव्हलच्या मधे २० मायक्रॉन आणि टोकाला ५ असा फरक आला तर स्क्रू मधे झिजला आहे. एकच आकडा भरून एक जागा सुधारेल आणि दुसरी बिघडेल. सगळीकडे सारखाच मोठा आकडा आला तर आधी थ्रस्ट बेअरिंगचा नट बघा. पॅरामीटर भरून ढिला नट लपवणारे लोक मी पाहिले आहेत. थोड्या दिवसांनी नट आणखी ढिला होतो आणि पॅरामीटर आणखी मोठा.

प्रोग्रॅमचा वाटा या बोअरमध्ये आहे तो असा. एंडमिल आतून गोल फिरते तेव्हा टूलच्या केंद्राचा मार्ग लहान आणि कापणाऱ्या कडेचा मार्ग मोठा असतो. ५२ च्या बोअरमध्ये २० ची एंडमिल असेल तर केंद्राचा फीड कडेच्या फीडच्या (५२ वजा २०) भागिले ५२, म्हणजे सुमारे ०.६२ पट हवा. तुम्ही सरळ कटिंगसाठी काढलेला १००० हा फीड तसाच दिला आणि कंट्रोलने तो केंद्राला लावला, तर कडेवर तो १६०० च्या वर जातो आणि टूल वाकते. काही कंट्रोल जी ४१ मध्ये (टूलच्या त्रिज्येच्या कॉम्पेन्सेशनमध्ये) आतल्या वक्रावर फीड आपोआप घटवतात, काहींमध्ये तो पर्याय नसतो. एका फेरीचा वेळ घड्याळाने मोजला की तुमचा काय करतो ते कळेल. टूल बाहेर किती काढले आहे तेही बघा. वाकणे लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढते: ४० ऐवजी ६० मिमी बाहेर असेल तर तेवढ्याच जोराला जवळजवळ ३.४ पट वाकेल. फिनिशिंगला सगळीकडे सारखा माल उरला पाहिजे. रफिंगचा बोअर थोडा एका बाजूला असेल तर फिनिशिंगचे टूल जास्त मालाच्या बाजूला जास्त वाकते आणि रफिंगची चूक थोडी फिनिशिंगमध्येही उतरते.

जी ४१ सुरू करताना सरळ रेषेत आत या, मग पाव वर्तुळाने भिंतीला लागा. वर्तुळाच्या ब्लॉकमध्येच कॉम्पेन्सेशन सुरू केले तर फॅनुकच्या जुन्या कंट्रोलवर ३४ नंबरचा अलार्म येतो. आणि आत येण्याचे वर्तुळ टूलच्या त्रिज्येपेक्षा लहान ठेवले तर ४१ नंबरचा. दुसऱ्याचे कारण पुष्कळदा प्रोग्रॅममध्ये नसते, डी च्या (टूलच्या त्रिज्येच्या) रकान्यात कुणीतरी त्रिज्येऐवजी व्यास भरलेला असतो.

माझे मत विचाराल तर उत्पादनात एच७ बोअर मी बोअरिंग बारनेच फिनिश करतो. रफिंग आणि सेमी-फिनिश एंडमिलने, बाजूला ०.१५-०.२ मिमी ठेवून, आणि शेवटचा पास बारने. मग अक्षांचा बॅकलॅश, काटकोन, सर्व्हो सगळे वादातून बाहेर पडतात. गोलाई फक्त स्पिंडल आणि पकड ठरवते. तोटा असा की साइज वेअर ऑफसेटने हलत नाही, हेडच्या डायलवरच फिरवावी लागते, आणि ते काम सगळ्यांना जमत नाही. जी ७६ (बोअरिंगची सायकल) वापरणार असाल तर क्यू ची, म्हणजे शेवटी बार भिंतीपासून मागे सरकण्याची, दिशा आधी एमडीआयमध्ये (एकेक आज्ञा हाताने देण्याच्या मोडमध्ये) एम १९ (स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबवणे) देऊन डोळ्यांनी बघा. बार होल्डरमध्ये उलटा बसला तर तो मागे सरकण्याऐवजी बोअरच्या भिंतीत घुसतो.

टॅपचे थोडक्यात. एम८ बाय १.२५, म्हणजे १.२५ मिमी पिच; एस (आरपीएम) ८०० ला एफ (फीड) १००० हवा. कुणीतरी आवाज कमी करायला एस बदलला आणि एफ तसाच ठेवला की टॅप ओढला जातो. जी ९५ मध्ये (फीड दर फेरीला) एफ १.२५ लिहिले तर ही चूकच होत नाही. मग बघा, टॅप कटिंगचा आहे की फॉर्मचा (माल न कापता दाबून आटे पाडणारा). कटिंग टॅपला ६.८ चे ड्रिल, फॉर्म टॅपला ७.४ च्या आसपास. स्टोअरमधून एक बॅच फॉर्म टॅपची आली आणि ड्रिल ६.८ चेच राहिले, तर टॅप "अधूनमधून" तुटतातच. बंद होल असेल तर ड्रिलची खोली टॅपच्या टोकाचे अपुरे आटे धरून पुरेशी आहे ना, तेही पाहा.

आता ती ०.२-०.३ ची उडी. तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नाही: चारपैकी एकच जॉब सरकलेला असतो की चारही? आणि पुढच्या सायकलीत आपोआप ठीक होते की सरकलेलेच राहते?

एकच जॉब आणि पुढची सायकल ठीक, असे असेल तर चिप. लोकेटिंग पिनच्या मुळाशी किंवा साइड पॅडवर अडकलेली चिप. पॅडच्या कडेला चिपला पडायला खाच द्या, पॅडचा पृष्ठभाग जेवढा लागतो तेवढाच ठेवा, आणि हवेच्या गनवर भरवसा ठेवू नका; ती चिप उडवते तशी कोपऱ्यात दाबूनही बसवते.

चारही जॉब सरकले असतील तर आधी ऑफसेट पेजच्या सगळ्यात वरच्या रकान्यात बघा, जिथे ईएक्सटी किंवा ०० लिहिलेले असते. तो सगळ्या वर्क ऑफसेटमध्ये मिळवला जातो. जी ५४ समजून कुणी तिथे ०.२५ टाकला की चारही जागा एकदम हलतात. मग मधेच थांबवून पुन्हा सुरू केलेली सायकल बघा: जी ५२ (तात्पुरता सरकवलेला शून्य) किंवा जी ६८ (फिरवलेले अक्ष) रद्द न होता राहिले का, जी ९१ जी २८ (होमला जाणे) नंतर जी ९० (शून्यापासूनची मापे) परत आला का. प्रत्येक टूलच्या सुरुवातीला जी १७ जी २१ जी ४० जी ४९ जी ६९ जी ८० जी ९० ही ओळ लिहा, आणि पुढे जी ५४, एस, एम ०३, जी ४३ एच (टूलच्या लांबीचा ऑफसेट) सगळे पुन्हा लिहा, म्हणजे कोणत्याही टूलपासून सुरू केले तरी आधीची उष्टी अवस्था पुढे येणार नाही. जी ५२ चालू राहू शकेल अशा प्रोग्रॅममध्ये त्याच ओळीखाली जी ५२ एक्स० वाय० झेड० घाला.

एच आणि टूल नंबर जुळतात का हे मॅक्रोने तपासायची पद्धत चांगली आहे: #४१११ मध्ये चालू एच असतो, #४१२० मध्ये टी (टूल नंबर), आणि ते वेगळे असतील तर #३००० ने अलार्म द्यायचा. पण पुढचे टूल आधीच मागवून ठेवत असाल तर #४१२० मध्ये पुढच्या टूलचा नंबर येतो आणि अलार्म खोटा वाजतो. तपासणी पुढचा टी देण्याआधी ठेवा. तुमच्या वाय मधल्या उडीशी याचा संबंध नाही, पण टूल जॉबमध्ये घुसण्यापासून ते वाचवते, म्हणून सांगून ठेवले.

हे सगळे ठीक निघाले आणि चारही जॉब सरकलेलेच राहतात, तर वाय अक्षाची यंत्ररचना. एका मशीनवर मी अशाच उडीमागे दोन आठवडे घालवले. फिक्श्चर दोनदा उघडले, प्रोग्रॅम नव्याने लिहिला. मोटर आणि बॉलस्क्रूमधले कपलिंग अधूनमधून, जोरात दिशा बदलताना, शाफ्टवर घसरत होते. कंट्रोलला पत्ता नाही, कारण एन्कोडर मोटरच्या बाजूला.

ते सापडायला असे करा. टेबलावर एक ब्लॉक कायमचा ठेवा, जी ५३ ने मशीनच्या एका ठरलेल्या स्थितीला जा आणि डायलचा आकडा लिहून ठेवा. रोज शिफ्टच्या सुरुवातीला हेच. उडी आली त्या दिवशी हा आकडाही हललेला असेल तर वर्क ऑफसेट आणि फिक्श्चर निर्दोष सुटले. डॉगवर (होमची जागा दाखवणाऱ्या ठोकळ्यावर) होम घेणारे मशीन असेल तर आता वायला पुन्हा होम घ्या आणि परत डायल बघा. होम घेतल्यावर आकडा जागेवर आला तर मोजणी हरवत होती: एन्कोडरची केबल, कनेक्टर, त्यात शिरलेले कूलंट. होम घेऊनही सरकलेलाच राहिला तर कपलिंग, कारण डॉग टेबलावर असला तरी नेमकी जागा मोटरच्या एन्कोडरची खूण ठरवते आणि मोटरच स्क्रूच्या तुलनेत फिरलेली आहे. आणि फरक बरोबर मोटरच्या एका फेरीएवढा, म्हणजे १० मिमी वगैरे असेल तर डॉग त्या खुणेच्या अगदी जवळ आला आहे, त्याला थोडे सरकवा. अॅब्सोल्यूट एन्कोडर असेल तर बॅटरी बदलताना कंट्रोल चालूच ठेवा, नाहीतर होमची जागा पुसली जाते आणि मग हे सगळे नव्याने.

कपलिंगचा संशय पक्का करायला कव्हर काढून दोन्ही शाफ्ट आणि कपलिंग यांवरून पेंटच्या बारीक पेनने एक सरळ रेघ मारा आणि आठवडाभर मशीन चालू द्या. रेघ तुटली की शाफ्ट आणि कपलिंग पुसून कोरडे करा आणि कपलिंगचे स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळा. "हाताने घट्ट" इथे चालत नाही. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावूनच कव्हरला हात घाला. हाच प्रयोग पुढे कधी झेड अक्षावर करायची वेळ आली तर हेडखाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय कपलिंगच्या एकाही स्क्रूला पाना लावू नका. झेडचा ब्रेक बहुतेक मोटरमध्ये असतो, आणि कपलिंग सुटले की हेड धरून ठेवणारे काही उरत नाही.